पहिलंच ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं)? व्होल्टेजला हात शेवटी लावा
प्रोसेसर अनलॉक्ड आहे ना, म्हणजे त्याचा वेग बदलता येतो ना, हे आधी तपासा. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे मूळ वेगाला ज्याने गुणतात तो आकडा, एकानेच वाढवा, म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झ. रॅमचा वेग सध्या आहे तसाच राहू द्या. दोन्ही एकदम बदललंत तर क्रॅश कशामुळे झाला हे कळणारच नाही.

नवीन मंडळी हमखास दोन ठिकाणी चुकतात:
- विंडोज सुरू झालं की 'जमलं' म्हणतात. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा चाचणी प्रोग्राम) निदान तासभर चालवा, तापमानावर नजर ठेवा.
- अडलं की लगेच व्होल्टेज चढवतात. उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे थोडीशी वाढही कूलरला जड जाते. त्यापेक्षा मल्टिप्लायर एक पायरी खाली आणा, खरंच.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका, सीमॉस रीसेट करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत येतील. पहिली टेस्ट झाली की आकडे कळवा, पुढचं मग बघू.