गार ते आपलं, गरम ते नाही

प्रश्न : ताई, मुलानं आम्हा दोघांची मे महिन्यात तुर्कस्तानची सहल ठरवली आहे. ८ दिवसांत इस्तंबूल, कॅपाडोशिया, अंताल्या, पामुक्काले आणि इफेसस. आम्ही साठी ओलांडलेले, पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. यांचे गुडघे कुरकुरतात. तिथं खायचं काय? बाजारात फसवतात का? आणि ते जुने अवशेष बघायला किती चालावं लागतं? – एक वाचक, तिलक नगर, इंदूर

उत्तर : वहिनी, सगळ्यात आधी मुलाकडून यादीतली दोन नावं खोडून घ्या. अंताल्या आणि कॅपाडोशिया. ८ दिवसांत पाच ठिकाणं केलीत तर तुर्कस्तान गाडीच्या काचेतूनच दिसेल. कॅपाडोशियाचे माणसांना घेऊन उडणारे गरम हवेचे फुगे मलाही आवडतात, पण वारा असला की उड्डाण रद्द. आणि तिथलं देरिनकुयू हे भुयारी शहर सुमारे ८५ मीटर खोल, वाकून-वाकून उतरायचं. तुमच्या यजमानांच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. इस्तंबूलला चार रात्री, मग विमानानं इझमिर आणि तिथून तासाभरावरच्या, इफेससला लागूनच असलेल्या सेल्चुक गावी तीन रात्री मुक्काम. पामुक्काले तिथून एका दिवसात होतं.

आता खाणं. उपाशी राहणार नाही, पण गाफील राहू नका. मी आणि माझी बहीण गेलो तेव्हा पहिले दोन दिवस मसुराचं सूप मोठ्या आनंदानं प्यायलो. मर्जिमेक चोर्बासी म्हणतात. वर लिंबू पिळायचं, लाल मिरचीचा चुरा भुरभुरायचा, आपल्या आमटीची मावसबहीणच. तिसऱ्या दिवशी एका खानावळीतल्या पोऱ्याला मी 'एतसिझ?' म्हणजे 'बिनमांसाचं ना?' असं विचारलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, 'एत सुयू'. मांसाचं पाणी! डाळ खरी, पण रश्श्यात शिजलेली. बहिणीनं चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. सगळीकडे असं नसतं, पण विचारावं लागतं. भातही बरेचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. तेव्हा हे प्रश्न मुलाकडून तुर्कीत चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती पर्समध्ये ठेवा.

तुमचं खरं जेवण म्हणजे झेतिन्याली. ऑलिव्हच्या तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या : घेवडा, आर्टिचोक (एका फुलाचा कळा), लीक (कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी). द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या सुरळ्या दोन तऱ्हांच्या असतात. गार वाढतात त्या बहुधा बिनमांसाच्या, गरम असतात त्यांत खिमा. वांग्याचंही तेच. कांदा-टोमॅटो भरलेलं 'इमाम बायल्दी' खुशाल खा; नावाचा अर्थ 'इमामाला घेरी आली'. पण दिसायला त्याचंच जुळं भावंड 'कार्नियारिक', त्यात खिमा. गार ते आपलं, गरम ते नाही, एवढं घोका; तरी एकदा विचारून घ्या. कामगार-दुकानदार जेवतात त्या साध्या खानावळींत जा, तिथं पदार्थ परातींत समोर मांडलेले असतात, बोट दाखवलं की झालं. बाकी तीळ लावलेला कड्यासारखा पाव 'सिमित', दलियाचे 'चि कोफ्ते' (मुळात कच्च्या मांसाचे, पण दुकानांतून मिळतात ते बिनमांसाचे) आणि न्याहारीला ऑलिव्ह, चीज, काकडी, मध, साय. पोह्यांची आठवण येईल, पण जिरावनची, म्हणजे आपल्या पोह्यांवरच्या मसाल्याची पुडी बरोबर असली की काकडीवरही चालते, मी करून बघितलंय.

बाजारात फसवतात का? तुमच्या इंदूरच्या सीतलामाता बाजारात साड्यांचा भाव करणारी बाई इस्तंबूलमध्ये फसू नये. तरी मी फसले. मोठा छप्परबंद बाजार, कापाली चार्शी, १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी शहर जिंकलं त्यानंतर लगेच उभा राहू लागला. आज तिथं ४,००० च्या आसपास दुकानं आहेत आणि रविवारी तो बंद असतो. मी फसले ते मात्र मसाल्याच्या बाजारात. एमिनोनूच्या धक्क्याजवळचा हा सतराव्या शतकातला बाजार. एका दुकानात 'तुर्की केशर' म्हणून मूठभर लाल-नारिंगी काड्या अगदी स्वस्तात मिळाल्या. घरी श्रीखंडासाठी दुधात भिजवल्या तर रंग पिवळट, वास काहीच नाही. सासूबाईंनी बोटांवर चोळून बघितलं आणि म्हणाल्या, ''अगं, ही तर करडईची फुलं!'' त्यांचं बरोबर होतं. तिथं करडईच 'तुर्की केशर' या नावानं सर्रास विकतात. तेव्हा केशर नको. सुमाक हा आंबट लाल मसाला घ्या, सुकं अंजीर घ्या. आणि एक दिवस बोटीनं पलीकडे, शहराच्या आशियातल्या भागात, काडिकोयच्या बाजारात जा. वीसेक मिनिटांचा प्रवास, आणि तिथं गावातले लोक भाजी घेताना दिसतात.

अवशेषांपैकी इफेसस या प्राचीन शहराला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन दरवाजे आहेत. वरच्यानं आत शिरा, खालच्यानं बाहेर पडा, म्हणजे सगळी वाट उताराची. संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, चपला नकोत, बूटच घाला. उतार संपतो तिथं सेल्सस या रोमन अधिकाऱ्याच्या नावाच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. पडलेले दगड जुळवून ती १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. पुढे २५,००० माणसं बसतील असं नाट्यगृह. पायऱ्या चढू नका, खालूनच बघा. त्याच्यासमोरून निघणारा रुंद रस्ता बंदराकडे जातो, आणि टोकाला बंदर नाही! नदीनं गाळ आणून आणून समुद्र काही किलोमीटर मागे ढकलला आणि शहराचा व्यापारच संपला. मी तिथं बराच वेळ उभी होते.

पामुक्कालेच्या, झऱ्याच्या पाण्यातल्या चुन्यानं बनलेल्या पांढऱ्या पायऱ्यांवर अनवाणीच चालावं लागतं. वरच्या दक्षिण दरवाजानं गेलात तर चढ वाचतो.

सेल्चुकमधली एक संध्याकाळ मोकळी ठेवा. गावात पाणी आणणाऱ्या जुन्या, तुर्कांच्या आधीच्या बायझेंटाईन काळातल्या पाटाचे उंच खांब उभे आहेत, त्यांच्यावर मे महिन्यात करकोचे घरटी करून बसलेले असतात. खालच्या टपरीवर चहा घ्या. तो छोट्या पेल्यात, बिनदुधाचा येतो. मी दूध मागितलं, तर टपरीवाल्यानं गरम दुधाचा वेगळा पेला आणून ठेवला आणि लांबून बघत राहिला, ही बाई आता काय करते म्हणून.