त्वचा-सल्ला: आषाढ लागला की स्तनांखाली सोलवटतं

प्रश्न: माझं वय ५२. दरवर्षी पावसाळ्यात स्तनांखाली आणि जांघेत लाल होऊन सोलवटतं, आग होते, कुबट वास येतो. ब्लाऊज वाळत नाहीत, दमटच घालावे लागतात. खोबरेल झालं, पावडर झाली. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत बरं वाटतं, पण थांबवलं की दुप्पट पसरतं. सून म्हणते डॉक्टरांना दाखवा, पण तिथलं दाखवायची लाज वाटते.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, आधी ते मलम. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून ट्यूबवर काय छापलेलं असेल याचा अंदाज येतो: क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन (दोन्ही स्टेरॉइडच), जोडीला बुरशीचं एक औषध आणि एखादं अँटिबायोटिक. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. घडीतली कातडी मुळात पातळ, त्यात झाकलेली. तिथे औषध जास्त मुरतं आणि जांघेत कायमचे पट्टे उमटतात. ते मला पुसता येत नाहीत. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, निदान कागदावर तरी.

मूळ दुखणं साधं आहे. कातडीवर कातडी घासते, मध्ये घाम अडकतो, वरचा थर भिजून सुटतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तसंच. मग त्या ओलीत कॅन्डिडा ही बुरशी शिरते. लाल भागाच्या कडेबाहेर बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या असतील तर बहुधा तीच. कडा उठलेली आणि मधला भाग साफ दिसत असेल तर मात्र गजकर्णाचा संशय येतो.

आंघोळीनंतर टिपून कोरडं करा, रगडू नका, थोडा वेळ पंख्याखाली बसा. ब्लाऊज दमट असेल तर इस्त्रीने पूर्ण सुकवूनच घाला. कोकणातल्या जुलैत याहून स्वस्त उपचार मला माहीत नाही. घरात असताना स्तनांखाली जुन्या सुती साडीची धुतलेली पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला. खोबरेल बंद, कारण भिजल्या कातडीवर तेलाने ओल कोंडते. पावडरचे घामात गोळे होतात आणि तेच घासतात.

औषध म्हणून बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोल १ टक्का, फक्त तेवढंच असलेली ट्यूब, दिवसातून दोनदा पातळ लावा. दोन आठवड्यांत फरक नसेल, किंवा पू, ताप, ठणका असेल तर लगेच दाखवा. उपाशीपोटी साखरही तपासून घ्या. असं परत परत होणं कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते.

लाजेचं म्हणाल, तर पावसाळ्यात माझ्याकडे कितीतरी बायका हेच घेऊन येतात आणि सुरुवात 'हाताला जरा खाज येते' अशी करतात. बाई डॉक्टर हव्या असतील तर नंबर लावतानाच सांगा. जाताना ती मलमाची ट्यूब बरोबर न्या, रिकामी असली तरी.