एन२ झालाय, जपानमध्ये भाषाविज्ञान शिकून प्राध्यापक व्हायचंय. एन१ नंतर पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटीत अनुवादक आहात, जपानी भाषाक्षमता परीक्षेचा (जेएलपीटी) एन२ झालाय, आता एन१ करून जपानमध्ये एम.ए.-पीएच.डी. आणि मग प्राध्यापकी. 'एन१ नंतर काय' हा प्रश्न पुण्यात इतक्यांदा कानावर येतो की आता राग येतो. एन१ म्हणजे त्या परीक्षेची सर्वांत वरची पातळी: १८० पैकी १०० गुण, तीनही विभागांत किमान १९, सगळे प्रश्न पर्यायी. त्यात एक वाक्य लिहावं लागत नाही की तोंड उघडावं लागत नाही. अर्जात तो उपयोगी पडतो, नाही असं नाही. पण भाषा येणं आणि भाषेवर संशोधन करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवड समिती दुसरी गोष्ट बघते.

आधी शाखा ठरवा. जपानमध्ये 'भाषाविज्ञान' असा एक दरवाजा नाही, तीन आहेत. गेन्गोगाकु म्हणजे सामान्य भाषाविज्ञान. निहोन्गोगाकु म्हणजे जपानी भाषेचाच अभ्यास, ज्याला पूर्वी कोकुगोगाकु म्हणत. त्या विषयाच्या अभ्यासकांच्या संघटनेनंही २००४ मध्ये आपलं नाव तसं बदललं. तिसरा निहोन्गो क्योइकुगाकु, म्हणजे परभाषकांना जपानी शिकवण्याचं शास्त्र. तिन्हींची नियतकालिकं वेगळी, परीक्षक वेगळे, पुढच्या नोकऱ्याही बऱ्याच अंशी वेगळ्या. तुमच्या प्रश्नात तिन्हींची खिचडी झाली आहे.

आता संशोधन आराखडा. मेक्स्ट म्हणजे जपानी शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती असो की थेट विद्यापीठात केंक्यूसेइ (संशोधक विद्यार्थी) म्हणून अर्ज, निकाल बहुतेक वेळा या दोन-तीन पानांवर लागतो. आपल्याकडच्या आराखड्यांचं शीर्षक हमखास 'मराठी आणि जपानी भाषांचा तौलनिक अभ्यास' असतं. हा विषय नाही, विषयाचं दुकान आहे. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, दोन्हींत नामाच्या मागे प्रत्यय लागतात, आदरार्थी रूपं आहेत. बरं, मग? प्रश्न कुठे आहे?

प्रश्न कसा असतो ते एका उदाहरणावरून सांगतो. जपानीत आकु-आकेरु (आपोआप उघडणं-कुणी उघडणं), शिमारु-शिमेरु (बंद होणं-बंद करणं) अशा अकर्मक-सकर्मक जोड्या आहेत. मराठीत 'दार उघडलं' आणि 'त्याने दार उघडलं' यांत क्रियापद एकच. पण बंद करताना मात्र 'बंद झालं' आणि 'बंद केलं' असा फरक आपण करतोच. म्हणजे दार तेच, पण एका बाजूला मराठी फरक करते, दुसऱ्या बाजूला करत नाही. मग दार उघडं असल्याचं चित्र दाखवलं की मराठीभाषक विद्यार्थी 'दोआ गा आइते इमासु' (दार उघडं आहे) याऐवजी सकर्मक 'आकेते इमासु' म्हणण्याची चूक जास्त करतील, आणि बंद दाराच्या चित्राला ती चूक कमी होईल, असा अंदाज बांधता येतो. हा तपासता येतो, आणि खोटाही ठरू शकतो.

इथे परीक्षक पहिला आक्षेप घेईल तो पाठ्यपुस्तकाच्या क्रमाचा. मिन्ना नो निहोन्गो या पाठ्यपुस्तकात आकेमासु (आकेरुचं सभ्य रूप) १४व्या पाठात येतं आणि आकिमासु (आकुचं) थेट २९व्या. मधल्या काळात सकर्मक रूप जिभेवर बसतं, मग चूक मराठीमुळे की पुस्तकामुळे? उत्तर असं की शिमेमासु-शिमारिमासु ही जोडीही त्याच दोन पाठांत येते, त्यामुळे क्रमाचा परिणाम दोन्हींकडे सारखाच. दुसरा आक्षेप इंग्रजीचा. इंग्रजीत उघडणं आणि बंद होणं या दोन्हींना एकेकच क्रियापद चालतं, आणि पुण्यातला विद्यार्थी इंग्रजीही जाणतो. म्हणून शाळा मराठी माध्यमातली की इंग्रजी, याची नोंद सुरुवातीलाच घ्या. तिसरा आक्षेप, मराठीत 'उघडं' हे विशेषण आयतं आहे, 'बंद'ही आहे. त्याचा परिणाम वेगळा काढायला दार उघडत असतानाचीही चित्रं ठेवावी लागतील. एन४-एन३ स्तराचे तीसेक विद्यार्थी, वीसेक चित्रं, त्यात निम्मी नुसती भरतीची, आणि तेवढेच जपानी भाषक तुलनेला. एम.ए.ला इतकं पुरतं.

कच्चा माल कुठे मिळेल? पश्चिम तोक्योतल्या ताचिकावातल्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेचा सुमारे दहा कोटी शब्दांचा लिखित जपानीचा संग्रह आहे. 'शोनागोन' हे शोधसाधन नोंदणीविना वापरता येतं, 'च्यूनागोन'ला नोंदणी लागते. त्याच संस्थेचा आय-जास हा विद्यार्थ्यांच्या बोलण्या-लिहिण्याचा संग्रह बारा मातृभाषांचा आहे. त्या बारांत एकही भारतीय भाषा नाही. तुमची जागा तिथे आहे. भाषावैज्ञानिक प्रशांत परदेशी यांचं मराठी-जपानी क्रियापदांवरचं कामही आराखडा लिहिण्याआधी वाचा; ते न वाचता लिहिलेला मराठी-जपानी आराखडा लगेच ओळखू येतो.

मार्गदर्शकाला पत्र पाठवताना 'मला जपानीची आवड आहे' नको. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातल्या कुठल्या मुद्द्याला तुमचा प्रश्न जोडता येतो, ते चार ओळींत लिहा. दूतावासामार्फत अर्ज असेल तर प्राथमिक निवड झाल्यावर विद्यापीठाकडून स्वीकृतीपत्र मिळवायला वेळ थोडाच असतो, त्यामुळे नावं आधीच काढून ठेवा.

नोकरीबद्दल थोडक्यात. मास्टर्स दोन वर्षं, डॉक्टरेट कागदावर तीन, प्रत्यक्षात अनेकांना जास्त. जाहिराती जेआरईसी-इन या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर येतात. सोबत शोधनिबंधांची यादी, निवडक निबंधांच्या प्रती, अध्यापन-संशोधनाचं निवेदन मागतात, आणि पुढे नमुना तास घ्यायला लावतात. सुरुवात बहुधा कोमावर, म्हणजे नव्वद मिनिटांच्या तासावर, मानधन घेणारे हिजोकिन (अर्धवेळ शिक्षक) म्हणून, मग मुदतीचा करार. २०२४ पासून भाषाशाळांसाठी नोंदणीकृत जपानी शिक्षक ही राष्ट्रीय पात्रता आली आहे; प्राध्यापकपदासाठी तिची अट नाही. भारतात परतायचं असेल तर नेटमध्ये जपानी आणि भाषाविज्ञान हे वेगळे विषय आहेत हे विसरू नका. जपानी पदवीवर 'भाषा आणि संस्कृती' असं काही छापलेलं असेल तर 'संबंधित विषय' कोणता यावर इथे कागदपत्रांची झटापट होते. अभ्यासक्रमाचा तपशील शिक्क्यासह घेऊन या.

आता जे मला खरं सांगायचंय ते. वर्गात मराठीचा शब्द उच्चारला की पाप, असं मानणारे शिक्षक पुण्यात अजून आहेत. फक्त जपानीतून शिकवण्याची पद्धत जपानमधल्या वर्गांत सोयीची, कारण तिथे दहा देशांचे विद्यार्थी एकत्र बसतात आणि समान भाषाच नसते. सदाशिव पेठेतल्या वर्गाला हा नियम का? ते-मिरु म्हणजे 'करून बघणे', ते-ओकु म्हणजे 'करून ठेवणे', दोन मिनिटांत काम होतं. आणि जिथे मराठी दगा देते तिथे तर ती बोलून दाखवलीच पाहिजे. 'सर, बॅग उचलून देतो' हे आपल्याकडे अदबीचं. तेच 'मोत्ते आगेमासु' म्हटलं तर शिक्षकांवर उपकार केल्यासारखं वाटतं, तिथे 'ओमोचि शिमासु' हे नम्र रूप हवं. ही चूक कुठून येते हे मराठी न जाणणाऱ्या शिक्षकाला सांगता येणार नाही. 'जपानी मातृभाषक शिक्षकच हवा' म्हणणाऱ्या संस्थाचालकांना हे कितीदा सांगायचं!

हां, वर्गात निम्मे अमराठी असतील तर हे सगळं जपूनच करावं लागतं. आणि एन१ देऊच नका असं मी म्हटलेलं नाही. प्रबंध जपानीत लिहायचा असेल तर ती पातळी लागतेच. मेक्स्टच्या वयाच्या अटी आणि तारखा दूतावासाच्या त्या वर्षीच्या सूचनेतच बघा, आणि निकाल हाती येईपर्यंत नोकरी सोडू नका.