दहाच्या नाण्याचा मधला भाग फिरलाय आणि दोनच्या नाण्यावर उलटे सिंह दिसतात. ही टांकसाळीची चूक की नंतर झालेली खराबी? आणि याला गिऱ्हाईक मिळेल का?

तुमची दोन्ही नाणी फोटोत नीट दिसतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सुट्ट्यात आलेल्या दहाच्या नाण्यात सिंह तिरके आहेत आणि बाहेरच्या कड्यावरची अक्षरं सरळ. दोन रुपयांच्या नाण्यावर आकड्याच्या बाजूला सिंहांची उलटी छाप आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: दोन्ही नाणी टांकसाळीतून चांगली बाहेर पडली आणि नंतर कुणीतरी बिघडवली. का, ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढचं नाणं तुम्हाला स्वतःलाच पारखता येईल.

नाणं बनताना कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते. भोवती कॉलर, म्हणजे चकतीला घट्ट धरणारी रिंग असते. प्रचंड दाबाखाली धातू ठशाच्या खोलगट भागात शिरतो आणि चित्र उमटतं. त्यामुळे टांकसाळीची चूक चकतीत असते, ठशात असते, नाहीतर दाब पडतानाच्या त्या क्षणात. एवढंच. त्यानंतर जे होतं ती खराबी. संशयास्पद नाणं हातात आलं की मी आधी हेच शोधतो, की हा प्रकार या तीनपैकी कुठे घडू शकेल. कुठेच बसत नसेल तर ते नाणं मी बाजूला ठेवतो, मग ते कितीही विचित्र दिसो.

आता तुमचं दहाचं नाणं. बाहेरचं कडं आणि मधली चकती आधी एकमेकांत ठेवतात आणि मग दोन्हींवर एकाच दाबात छाप पडते. त्याच दाबाने धातू पसरतो आणि दोन्ही भाग घट्ट अडकतात. चित्र एकदाच उमटत असल्यामुळे कड्यावरची आणि मधली छाप एकमेकींच्या मानाने तिरकी होऊच शकत नाही. मधली चकती एका बाजूला सरकून बसली, तर ती टांकसाळीची खरी चूक. पण तेव्हासुद्धा चित्र सांध्यावरून सलग जातं, फक्त सांधा भलत्या ठिकाणी येतो. तुमच्या नाण्यात सांधा जागेवर आहे आणि चित्र फिरलंय. मधला भाग ठोकून काढून परत बसवलाय. भिंगातून सांध्यालगत दाबल्याच्या, खरवडल्याच्या खुणा दिसतील. वजन करून इथे उपयोग नाही. ७.७१ ग्रॅम पूर्ण भरेल, कारण धातू कुठे गेलेलाच नाही.

(दहाच्या नाण्यावर दहा रेषा की पंधरा, यावरूनही लोक भांडतात. तो नुसता डिझाइनचा फरक आहे. तोवर दहाची चौदा डिझाइन्स काढली होती आणि सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं होतं.)

दोनच्या नाण्याला विकणारे ‘लाखी’ म्हणतील, म्हणून जरा थांबून बघा. खऱ्या लाखीत आधीचं नाणं एका ठशाला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते. मग त्या चकतीच्या एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठून येतात आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि खोल. आकड्याचा ठसा त्या चकतीला लागलेलाच नसतो. म्हणून पूर्ण लाखीत ‘२’ दिसायलाच नको. तुमच्या नाण्यावर ‘२’ आहे, तो चपटा झालाय आणि सिंह त्याच्यावरून रुतलेत. दोन नाणी व्हाइसमध्ये (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्यात) एकमेकांवर ठेवून आवळली की नेमकं असं होतं. आपल्याकडे लूम दुरुस्तीच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये व्हाइस असतो. हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सर्वसाधारणपणे, उठून आलेली जास्तीची रेघ चांगली आणि खोल गेलेली रेघ संशयाची. ठशाला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. ओरखडा मात्र धातू उकरतो, त्याच्या काठावर नखाला लागेल अशी कड उभी राहते. याला एक अपवाद आहे, आणि प्रूफ किंवा अनसर्क्युलेटेड सेट (टांकसाळ संग्राहकांना विकते ते न वापरलेल्या नाण्यांचे संच) घेणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा. ठसा आणि चकतीच्या मध्ये धागा आला तर त्याची खोल वळणदार खूण उमटते, पण तिचा तळ गुळगुळीत असतो. हा टांकसाळीचाच दोष. त्याच सेटमधले चांदीचे काळे-तपकिरी डाग, बोटाचे ठसे किंवा खराब प्लास्टिकमुळे आलेला हिरवा चिकटा हा दोष नव्हे. ३५ ग्रॅमच्या जुन्या स्मारक नाण्यांत चांदी निम्मीच आणि तांबं चाळीस टक्के असतं. ती काळवंडणारच.

अर्धवट कापल्यासारखं नाणं मिळालं तर कापाच्या बरोबर समोरची कड बघा. ती पुसट, दबलेली असेल आणि कापाजवळची अक्षरं ताणल्यासारखी झाली असतील, तर चकतीच तशी कापली गेली होती. अक्षरं सुरीने चिरल्यासारखी तुटलेली असतील तर कानस किंवा कटर. ठसा फिरलाय का हे बघणं त्याहून सोपं: नाणं वर-खाली दोन बोटांत धरून आडवं फिरवा. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. थोडा कल असतोच, त्याला कुणी पैसे देत नाही.

गिऱ्हाइकाबद्दल: ही दोन नाणी बारा रुपयांचीच आहेत. ‘एरर’ म्हणून कुणाला विकू नका. शाळकरी मुलं खाऊचे पैसे साठवून अशी नाणी विकत घेतात, ते बघून फार वाईट वाटतं. लाखो रुपये देऊ म्हणून आधी फी मागणाऱ्या फोनवर तर विश्वासच ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता. पुढे खरंच काही हाती लागलं तर चिंच, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावू नका, हळद-कुंकवाचा डाग असला तरी राहू द्या. ओळखीच्या सराफाकडे दहापट भिंग आणि बारीक वजनकाटा मिळेल. दोन्ही बाजूंचे आणि काठाचे तिरप्या उजेडातले फोटो काढून ठेवा आणि पुण्याला कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा नाणं सोबत न्या. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा, पण किंमत विचारायच्या आधी ही चूक कशी झाली असेल, ते विचारा.