आयफोनवाले स्वतःचा मोडेम कशाला बनवतायत?

प्रश्न : आयफोन १६ई घ्यायचा विचार चाललाय. दुकानदार म्हणतो त्यात अ‍ॅपलचा स्वतःचा सी१ मोडेम आहे, त्यापेक्षा साधा १६ घ्या, त्यात क्वालकॉमचा आहे, तो भरवशाचा. क्वालकॉमचा एवढा चांगला असेल तर अ‍ॅपलने हा खटाटोप केलाच कशाला? पैसे वाचवायला? आणि आपल्याकडे रेंजला फरक पडेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे हे कारण आहेच, पण माझ्या मते ते दुसऱ्या नंबरचं. खरं कारण म्हणजे अ‍ॅपलची शेंडी क्वालकॉमच्या हातात होती.

क्वालकॉम मोडेम, म्हणजे फोनला मोबाइल टॉवरशी जोडणारी चिप, विकते आणि शिवाय मोबाइल नेटवर्कची ढीगभर पेटंट तिच्याकडे आहेत. चिप पाहिजे तर आधी पेटंटचं लायसन्स घ्या अशी तिची पद्धत, आणि रॉयल्टी चिपच्या नाही तर अख्ख्या फोनच्या किमतीवर, म्हणजे कॅमेरा अ‍ॅपलने सुधारायचा आणि त्यातला वाटा क्वालकॉमने मागायचा, हे अ‍ॅपलला खुपत होतं. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपल कोर्टात गेली. पुढे क्वालकॉमवरच्या दुसऱ्या एका खटल्यात अ‍ॅपलचे तेव्हाचे बडे अधिकारी जेफ विल्यम्स यांनी साक्षीत सांगितलं की फोनमागे साडेसात डॉलर रॉयल्टी जात होती, आणि २०१८ च्या फोनसाठी चिप मागितल्या तर क्वालकॉमने विकल्याच नाहीत. म्हणून त्या वर्षीच्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरमध्ये नुसते इंटेलचे मोडेम. पण इंटेलचं ५जी काही वेळेत होईना, मग १६ एप्रिल २०१९ ला अ‍ॅपलने क्वालकॉमशी तडजोड केली आणि त्याच दिवशी इंटेलने फोनच्या ५जी मोडेममधून अंग काढून घेतलं. जगातली एवढी मोठी कंपनी, आणि ५जीसाठी जायला जवळपास एकच दार उरलं. तीनच महिन्यांत अ‍ॅपलने १ अब्ज डॉलर मोजून इंटेलचा फोनच्या मोडेमचा बहुतेक धंदा विकत घ्यायचा करार केला, सुमारे २,२०० माणसांसकट.

तरी पहिला मोडेम यायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं. प्रोसेसर तर अ‍ॅपल २०१० पासून स्वतःचे बनवतेय, मग इथेच का अडलं? कारण प्रोसेसरचं सगळं काम फोनच्या आत चालतं, मोडेमला मात्र बाहेरच्या टॉवरशी बोलायचं असतं, आणि तो टॉवर कुठे एरिक्सनचा कुठे नोकियाचा कुठे सॅमसंगचा, प्रत्येक देशाचे बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) वेगळे, प्रत्येक ऑपरेटरचं सेटिंग वेगळं, त्यात जुनं २जी-४जी पण सांभाळायचं आणि गाडीत चालू कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर न तुटता न्यायचा. सी१ ची टेस्टिंग ५५ देशांतल्या १८० ऑपरेटरांबरोबर करावी लागली. आपल्याकडचंच बघा ना, ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं, आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये ५जीचं हार्डवेअर होतंच, तरी डिसेंबरमध्ये अपडेट येईपर्यंत लोक ४जीवरच होते.

दुसऱ्यावर अवलंबून राहणं किती महागात पडतं ते चीनच्या ह्वावे या फोन कंपनीला विचारा. स्वतःचा बालाँग मोडेम तिच्याकडे होता, पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०२० नंतर तैवानमध्ये चिप बनवून घेता येईना, मग २०२१ च्या पी५० मध्ये क्वालकॉमची चिप घालावी लागली आणि तीही फक्त ४जीपुरती. नुसतं डिझाइन आपलं असून भागत नाही ते असं.

आता पैशाचं. स्वतःचा मोडेम बनवला म्हणून पेटंटची रॉयल्टी सुटत नाही, ती चालूच राहते. वाचते ती चिपची किंमत. त्याशिवाय सी१ बॅटरी कमी खातो असं अ‍ॅपल म्हणते, आणि मोडेम व प्रोसेसर एकाच घरचे असले की नेटवर्कवर गर्दी असताना कुठला डेटा आधी जायला हवा हे प्रोसेसर मोडेमला सांगू शकतो. मला तरी हा फायदा रॉयल्टीच्या भांडणापेक्षा मोलाचा वाटतो, तो थेट वापरणाऱ्याच्या हातात पडतो.

रेंजचं म्हणाल तर सी१ मध्ये मिलिमीटर वेव्ह (अगदी जवळच्या अंतरावर चालणारं जास्त वेगाचं ५जी) नाही अशी ओरड झाली, ती तुम्ही सोडून द्या. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये ती आधीपासूनच नाही, मोडेम कुणाचाही असो. अमेरिकेत इंटरनेटचा स्पीड मोजणाऱ्या उकला कंपनीने १६ आणि १६ई च्या स्पीडची तुलना केली तेव्हा एटी अँड टी आणि व्हेरायझन या तिकडच्या ऑपरेटरांवर १६ई पुढे होता, टी-मोबाइलवर १६. म्हणजे मोडेम भरवशाचा की नाही हे नुसत्या नावावरून ठरत नाही, नेटवर्क कुठलं यावर बरंच आहे. ओळखीत कुणाकडे १६ई असेल आणि तुमच्याच कंपनीचं सिम त्यात असेल, तर त्यांना घरी बोलवा आणि जिथे तुमचा आत्ताचा फोन रेंज सोडतो त्या खोलीतून एक कॉल लावून बघा. तिथे नीट चालला तर मोडेमपायी १६ वर जास्त पैसे घालायची गरज नाही.