वाचकांचे प्रश्न : बॅटरी डिकीत, दणका पाठीत

प्रश्न : जुन्या पेट्रोल हॅचबॅकला इलेक्ट्रिक किट बसवलं, सगळी बॅटरी डिकीत आहे. तेव्हापासून स्पीडब्रेकरवर मागे बसणाऱ्यांना जोरात दणका बसतो. मेकॅनिक म्हणतो स्प्रिंग कडक झाल्या, नरम टाका. टाकू का?

उत्तर : मुळीच नको. स्प्रिंग कडक झालेल्या नाहीत, वजनाने दबून बसल्या आहेत. दबायला जागा उरली नाही की एक्सल थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. नरम स्प्रिंगने गाडी आणखी बसेल.

दोन्ही स्प्रिंग मिळून मिलिमीटरला ४ किलो तोलतात असं धरा. मागे १०० किलो वाढले की गाडी २५ मिलिमीटर खाली येते, तीही माणसं बसायच्या आधीच.

खात्री करायची तर बंप स्टॉपवर ओला खडू फासून नेहमीच्या रस्त्याने फेरी मारा. समोरच्या धातूवर पांढरा ठसा उमटला तर निदान पक्कं. रबर शॉकअपच्या दांड्यावर असेल, तर दांड्याला प्लॅस्टिकचा टाय आवळा. तो सरकत रबराला भिडला म्हणजे तेच.

मग वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. मागचं वजन कंपनीने ठरवलेल्या एक्सलच्या मर्यादेपलीकडे गेलं असेल, तर स्प्रिंग बदलून भागणार नाही. बॅटरीचा काही भाग इंजिनच्या रिकाम्या जागेत न्यावा लागेल. ते किटवाल्याकडूनच करून घ्या. हाय व्होल्टेजचं काम आहे आणि मान्यतेचाही प्रश्न येतो.

वजन मर्यादेत असेल तर जास्त ताकदीच्या स्प्रिंग जोडीने बदला, आणि शॉकअपही. नुसत्या स्प्रिंग बदलल्या तर दणका जाईल, पण खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावत राहील. वेटोळ्यांत कोंबायचे रबरी बफर स्वस्त मिळतात, पण त्यांच्या नादी लागू नका. तेवढी वेटोळी काम करत नाहीत, ताण शेजारच्यांवर येतो आणि स्प्रिंग तिथेच तुटते. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासा. मागून दबलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

प्रश्न : किट बसवल्यापासून सिग्नलला पुढून घरघर ऐकू येते. मोटर तर बंद असते!

उत्तर : तो ब्रेक बूस्टरचा, म्हणजे ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा, हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप. पूर्वी हे काम इंजिन करायचं. पंप थेट पत्र्यावर आवळला असेल तर खाली रबरी बुश घाला. पेडल न दाबताही दर मिनिटाला सुरू होत असेल, तर नळीचा क्लॅम्प किंवा हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. तो आधी बघा, आवाजाचं नंतर.