घर नाशिकला, जीव मुलुंडला

मुंबईत दुसरी जागा घेणं आता बहुतेकांच्या आवाक्यात राहिलेलं नाही. मग साठवलेले पैसे नाशिकला, पुण्याला, कर्जत-बदलापूरला जातात. भाडं येईल, हप्ता फिटेल, निवृत्तीनंतर आधार होईल, असा साधा हिशेब असतो. माझ्याकडे समुपदेशनासाठी पन्नाशीच्या पुढची जी माणसं येतात, त्यांच्या तोंडून मी या हिशेबाची दुसरी बाजू ऐकते. कोणी बँकेतलं, कोणी शाळेतलं, कोणी रेल्वेतलं, पण प्रश्न तोच: "मॅडम, घर तिकडे, मी इकडे. भाडेकरूने जागा बळकावली तर?" इतक्या जणांनी विचारलं की एका जोडप्याची हकीकत लिहून काढावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांना आपण काका आणि काकू म्हणू. काका मुलुंडला राहणारे, फोर्टमध्ये नोकरीला, निवृत्ती जवळ आलेली. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ त्यांनी चार ब्लॉकचं दुमजली घर घेतलं होतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणारी चार कुटुंबं तिथे भाड्याने राहत होती. प्रत्येकी ९,००० म्हणजे महिन्याला ३६,००० भाडं, आणि कर्जाचा हप्ता ४०,०००. व्यवहार काही वाईट नव्हता. पण काकांचं वजन उतरलं होतं, रात्री तीनला जाग यायची आणि दर शनिवारी पहाटेची गाडी पकडून ते नाशिक गाठायचे. काकू पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय. विका म्हणते, तर तेही नाही."

बोलता बोलता काकांनी मोबाइल उघडून टेबलावर ठेवला. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. लोखंडी फाटक, जिन्याच्या चार पायऱ्या, दोरीवरचे कपडे, एक लाल स्कूटर. "ही स्कूटर कोणाची, ते कळत नाहीये," ते म्हणाले. मी काय विचारतेय याकडे लक्ष निम्मंच. मध्येच तिकडची वीज गेली, चित्र काळं झालं, आणि काकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. लोकलमध्येही हेच चालायचं. तळमजल्यावरच्या भाडेकरूंच्या सुनेने एकदा फोन करून विचारलं होतं, "काका, मी कपडे वाळत घालायला बाहेर आले की तुम्ही बघत असता का?" हे सांगताना त्यांचा आवाज बसला. त्या मुलीकडे बघण्याचा हेतू त्यांच्या मनात कधीच नव्हता, पण तिला ते कसं कळणार?

मी विचारलं, "चारही करार नोंदवलेत ना?"

"दोन नोंदवलेत. बाकीचे दोघे ओळखीतले. स्टॅम्पपेपरवर करून नोटरी केलंय. एजंट म्हणाला, चालतं."

इथे मी थांबले. जागा जाईल या भीतीने ज्या माणसाला झोप नव्हती, त्याने जागा राखणारा कागदच केला नव्हता. माझ्या अनुभवात हे फार वेळा दिसतं. चिंता करणारा माणूस सारखा कामात असतो, दमतोही, त्यामुळे करायचं ते काम राहून गेलंय हे त्याच्या लक्षातच येत नाही.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. १९५५ पासून ते मांडत आले की घटनेपेक्षा त्या घटनेविषयी आपण मनात जे ठासून सांगत राहतो, ते आपल्याला जास्त छळतं. मुंबईत मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी माणसापर्यंत आणला आणि माझ्यासारख्या कित्येकांना वाट दाखवली. त्यामुळे काका मनात नेमकं काय म्हणतात, हे मला हवं होतं. बरेच दिवस ते हाती लागेना. विचारलं की ते व्याजदर सांगायचे, नाहीतर कुठल्या तरी सोसायटीतल्या भाडेकरूचा किस्सा.

मग एका भेटीत मी नाशिक बाजूलाच ठेवलं. "तुम्ही लहान असताना तुमचे घरमालक कसे होते?"

काका हसले. गिरगावातली चाळ, पागडीची खोली, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्याने राहायची. मालक म्हातारे, स्वतः भाडं गोळा करायला यायचे, गॅलरीतल्या स्टुलावर बसायचे. भाडं इतकं थोडं की पावतीपुस्तकाचा खर्च तरी निघत असेल का, कोण जाणे. छप्पर गळायचं, तर मालक म्हणायचे पैसे कुठून आणू, आणि भाडेकरू म्हणायचे तो तुमचा प्रश्न. "वडील आम्हाला सांगायचे, काय वाट्टेल ते झालं तरी जागा सोडायची नाही, कायदा आपल्या बाजूने आहे." एवढं बोलून काका गप्प झाले. मीही काही बोलले नाही. घाई केली की अशी वाक्यं अर्ध्यात राहतात. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आम्ही त्यांची जागा कधी दिलीच नाही हो. मग माझी कोण देणार?"

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे ऐकलं नव्हतं. योग्य वेळी योग्य प्रश्न पडणं हे आमच्या कामातलं खरं कसब, आणि त्या दिवशी मला त्याचं मनापासून समाधान वाटलं. काकांची भीती पाथर्डी फाट्यावरच्या चार कुटुंबांची नव्हतीच. ती गिरगावातून आली होती. वडिलांनी काही गैर केलं नव्हतं, कायद्यानेच त्यांना तो आधार दिला होता, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. नाहीतर भीती जायची आणि तिच्या जागी अपराधीपणा येऊन बसायचा.

ही भीती एकट्या काकांची नाही, मुंबईतल्या दोन-तीन पिढ्यांची आहे, आणि तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ ला जे लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहत होते, त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. 'एकदा आत शिरला की निघत नाही' हे वाक्य तेव्हापासून घराघरात आहे. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडायची असते. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. वेळ लागतो, मनस्ताप होतो, हे खरं. पण काकांच्या वडिलांच्या वेळचा कायदा आज नाही.

याच कायद्याचं कलम ५५ प्रत्येक घरमालकाने वाचावं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर दुसरं सिद्ध होईपर्यंत राहणारा ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या साधारण पाव टक्का. काकांच्या एका ब्लॉकला अकरा महिन्यांसाठी एजंटचे पैसे सोडून सव्वा हजाराच्या आसपास खर्च येत होता. ऑनलाइन नोंदणीत आधारवर अंगठा देऊन हे काम मुलुंडला बसून होतं, भाडेकरू आपला अंगठा नाशिकला देतो. राहिलेले दोन करार काकांनी त्याच महिन्यात नोंदवले आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवली.

कागद झाला तरी नळ गळायचा थांबत नाही. तिथे हाकेला ओ देणारा माणूस लागतो, आणि तो फुकटातला नातेवाईक नसावा. काका मेहुण्याला कामं सांगत आणि मग त्याचे उपकार मानता मानता दबून जात. आता शेजारच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला महिन्याला ठरलेले पैसे देतात. ३,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती त्याने न विचारता करायची, फोटो आणि बिल पाठवायचं. त्याच्या वरचं असेल तरच फोन. पहिल्या वेळी त्याने मोटर दुरुस्त करून नंतर कळवलं, तेव्हा काका दिवसभर अस्वस्थ होते. ती अस्वस्थता सोसायचीच होती, तो उपचाराचाच भाग होता. कॅमेऱ्याचं तोंड फाटकाच्या बाहेर वळवलं आणि तो कुठे आहे, काय दिसतं, हे चारही घरांना सांगितलं. काकांनी मोबाइलमधलं ॲप काकूंकडे दिलं. नाशिकच्या फेऱ्या तीन महिन्यांतून एक, आधी कळवून, कामाची यादी घेऊन.

हिशेबही नव्याने मांडला. बारा महिने पूर्ण भाडं येणारच, हा काकांचा हट्ट होता, म्हणून एक ब्लॉक रिकामा झाला की आभाळ कोसळायचं. मी म्हटलं, वर्षातला एक महिना रिकामा जाईल आणि एका महिन्याचं भाडं दुरुस्तीत जाईल, हे आधीच मान्य करा. म्हणजे महिन्याला ३६,००० ऐवजी ३०,००० धरा आणि हप्त्यातले १०,००० स्वतःच्या खिशातून जाणार हे लिहून ठेवा. काकूंनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "एवढं तर आपण भरू शकतो की." त्यानंतर एक ब्लॉक दोन महिने रिकामा राहिला. काकांनी ते मला भेटीच्या शेवटी, उठता उठता सांगितलं.

घर विकायचं की ठेवायचं, हे मी सांगत नाही, ते माझं काम नाही. पण जे अजून घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना एक नक्की सांगते. बयाणा देण्याआधी त्या गावात चार दिवस राहा आणि घराआधी घर सांभाळणारा माणूस शोधा. तो किती पैसे घेईल, काय करेल, काय नाही, हे त्याच्याशी बोलून घ्या. असा माणूस मिळाला नाही तर तिथे घर घेऊ नका. पैसे बँकेत राहू द्या.